जुन्या ट्रम्पेटची पारख

वाद्यवृंदात वाजविण्याजोगा व्यावसायिक प्रतीचा ट्रम्पेट जुना घ्यावा की नाही, आणि घ्यावयाचा तर तो कशावरून पारखावा, याविषयी जाणत्या मंडळींत दोन परस्परविरुद्ध मते रूढ आहेत. तथापि त्या दोहोंचा उगम एकाच चुकीत आहे, असे माझे नम्र परंतु निश्चित प्रतिपादन आहे. एक पक्ष म्हणतो की, वर्षानुवर्षे फुंकून पितळ थकते, सबब जुने वाद्य म्हणजे पैशांची नासाडी. दुसरा म्हणतो की, थोर कारागिराच्या हयातीतील वाद्य लाभले असता परीक्षेचे प्रयोजनच उरत नाही. दोघेही वाद्याच्या वयावरून त्याचा निकाल लावतात.

पहिल्या पक्षाचा विचार आधी करू. ट्रम्पेटमध्ये नादते ती प्रधानतः नळीतील हवा. वादकाच्या श्वासाने पितळ थकण्याचे काही कारण नाही. मात्र ज्या लक्षणांना हा पक्ष थकवा म्हणतो ती खोटी नाहीत, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. लाळ आणि ओलावा यांच्यामुळे माउथपीसलगतच्या नळीतील जस्त हळूहळू निघून जाते, मागे सच्छिद्र तांबे उरते आणि बाहेर तांबूस डाग उमटतात. पिस्टनवरील मुलामा झिजला म्हणजे हवा फटींतून निसटते व स्वर पोकळ होतो. परंतु हे रोग होत, वार्धक्य नव्हे. नळी बदलता येते, पिस्टनवर पुन्हा मुलामा चढविता येतो, आणि तो खर्च किमतीतून वजा मागण्याचा हक्क खरेदीदाराला असतो.

दुसऱ्या पक्षाचा आधार अधिक मोहक आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या व्हिन्सेंट बाख यांनी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रम्पेट घडविण्यास आरंभ केला, १९५३ मध्ये कारखाना माउंट व्हर्नन येथे नेला आणि १९६१ साली तो सेल्मर कंपनीच्या स्वाधीन केला. माउंट व्हर्ननच्या वाद्यांचा लौकिक अनाठायी नाही. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९४८ पासून २००१ पर्यंत प्रमुख ट्रम्पेटवादक असलेल्या अडॉल्फ हर्सेथ यांच्या बाख ट्रम्पेटचा ध्वनी अमेरिकेतील वादकांच्या दोन पिढ्यांना आदर्श वाटला. परंतु हाताने घडविलेली, एकाच नमुन्याची दोन वाद्येही तंतोतंत सारखी वाजत नाहीत; शिवाय साठ-सत्तर वर्षांत हातातील वाद्य कोणाकोणाच्या हातून गेले, किती पोचे ठोकून काढले गेले, लॅकर पुन्हा चढविण्यासाठी घासताना कर्ण्याचे पितळ किती पातळ झाले, यांचा दाखला कोरीव नावात सापडत नाही. कोरलेली अक्षरे पुसट दिसली, तर तीच या घासणीची साक्ष होय.

मग प्रमाण कोणते? पहिले, हवाबंदपणा: व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढावी व मग व्हॉल्व्ह दाबावा, ‘पॉक्’ असा स्पष्ट आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. ही खातरजमा दाट तेल पुसून, पातळ तेल घालून करावी, कारण दाट तेल झीज झाकते. दुसरे, सुरेलपणा. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा जो स्वर, म्हणजे आपल्या तंबोऱ्यातील स्वयंभू गांधार, तो समस्वरी सप्तकातील गांधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे एक सप्तमांशाने उतरलेला असतो. अमेरिकी वाद्यवृंदांत प्रचलित असलेल्या ‘सी’ ट्रम्पेटवर हा दोष विशेष जाणवतो. म्हणून त्या जागी वादक पहिला व दुसरा व्हॉल्व्ह मिळून दाबतात आणि त्याच्यावरचा पंचम खाली ओढून तो स्वर साधतात. हातातील वाद्य या पर्यायाला कितपत साथ देते, हे केवळ वाजवूनच कळते. तिसरे प्रमाण शेजारच्या वादकाचा कान: अत्यंत हळू धरलेला दीर्घ स्वर त्याच्या स्वरात मिसळतो की नाही, हे त्यालाच विचारावे.

म्हणून जो विक्रेता आठ दिवसांची मुदत देऊन वाद्य तालमीला नेऊ देत नाही, त्याच्याकडचा ट्रम्पेट, त्यावर कोणाचेही नाव कोरलेले असो, घेऊ नये. आणि जो ती मुदत देतो, त्याच्याकडील अनामिक, डागाळलेले वाद्य जर या तिन्ही कसोट्यांना उतरले, तर ते निःशंकपणे घरी आणावे. वाद्यवृंदात शेजाऱ्याला ऐकू येतो तो स्वर. सनावळी ऐकू येत नाही.