‘पण जिंकला किती?’: हरणाऱ्या संघांतल्या थोर खेळाडूंची बाजू

१/ मित्रहो, आजचा धागा वादाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या महिन्यात आमच्या भिवापुरात टेनिस-चेंडूची स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात एका मुलाने पाच बळी घेतले, पण त्याचा संघ दोन धावांनी हरला. सामनावीर ठरला विजयी संघातला, २२ धावा करणारा फलंदाज. मी आयोजकांना कारण विचारले. उत्तर आले, “हरलेल्या टीमवाल्याले कसं देऊ भाऊ?”

२/ हे उत्तर गावच्या मैदानापुरते असते तर मी धागा लिहिला नसता. क्रीडा-इतिहासाच्या चर्चांतही हेच चालते. कोणा जुन्या खेळाडूचे नाव काढावे, की लगेच प्रश्न येतो, “पण जिंकला किती?” माझे म्हणणे असे: जय-पराजय हा संघाचा आणि त्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेचा हिशेब आहे. तो एका माणसाच्या खात्यावर मांडणे हा इतिहासाचा आळस आहे.

३/ सुरुवात आपल्या नागपुरापासून करू. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. भारताचे ते पहिले कसोटी कर्णधार. आज २३ वर्षांखालील खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. आता ‘जिंकला किती’ची फूटपट्टी लावा. कसोटी सामने ७, पराभव ५, अनिर्णित २, विजय शून्य.

४/ जून १९३२, लॉर्ड्स. भारताची पहिलीच कसोटी. सुरुवातीलाच इंग्लंडची अवस्था ३ बाद १९. पुढे भारताच्या पहिल्या डावात सर्वाधिक ४० धावा नायडूंच्या, त्याही क्षेत्ररक्षण करताना दुखावलेल्या हाताने. सामना १५८ धावांनी गेला. पण त्याच दौऱ्यातली कामगिरी पाहून ‘विस्डेन’ने १९३३ च्या अंकात नायडूंना वर्षातील पाच क्रिकेटपटूंत स्थान दिले. परक्यांना जे दिसले ते आपल्याला का दिसू नये?

५/ आता तो संघ कसा चालत होता ते पाहा. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे होते. तिन्ही कसोटींतल्या सहा डावांत मिळून त्यांच्या धावा ३३. उत्तम खेळत असलेल्या लाला अमरनाथांना पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी परत पाठवण्यात आले. चाळिशी ओलांडलेल्या नायडूंनी या संघातून खेळताना, ओव्हलवर कसोटीतल्या आपल्या शेवटच्या डावात ८१ धावा काढल्या. भारत हरला. या पराभवाचा जाब नायडूंना विचारायचा?

६/ हेच नायडू इंदूरच्या होळकर संघाकडून खेळले. तिथे राजाश्रय होता आणि तोलामोलाचे सहकारी होते. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला आणि त्या यशाचे प्रमुख शिल्पकार नायडूच होते. माणूस तोच होता, भोवतालचा संघ बदलला होता.

७/ थोडे आणखी मागे जाऊ. १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. सामने २३, विजय ६, पराभव १५. संघनायक पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग; दौऱ्यातले बरेचसे सामने ते खेळलेही नाहीत. या हरणाऱ्या संघातल्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याचे नाव बाळू पालवणकर.

८/ बाळू चर्मकार समाजातले. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करता करता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते घडले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ‘नेता म्हणून जिंकला किती’ हा प्रश्न अशा माणसाला विचारणे म्हणजे दार लावून घेऊन वर ‘आत का आला नाहीस’ असे विचारणे होय.

९/ आता या धाग्याचा मुख्य साक्षीदार. विजय हजारे, जन्म १९१५, सांगली. मराठी ख्रिस्ती कुटुंब. १९४३-४४ ची पंचरंगी स्पर्धा, मुंबईतला अंतिम सामना. हिंदू संघ ५ बाद ५८१, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. हजाऱ्यांचा ‘रेस्ट’ संघ, म्हणजे धर्मवार चार संघांत न बसणाऱ्या उरलेल्यांचा संघ, १३३ धावांत गारद. त्यात हजारे ५९. फॉलोऑन.

१०/ दुसऱ्या डावात ‘रेस्ट’च्या धावा ३८७. त्यांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! सहाव्या गड्यासाठी त्यांनी धाकट्या भावासोबत ३०० धावांची भागीदारी केली. त्या डावात भावाच्या, विवेक हजारे यांच्या, धावा होत्या २१. निकाल: एक डाव आणि ६१ धावांनी पराभव. संघाच्या दर पाच धावांतल्या चार जवळपास एकाच बॅटमधून आल्या. याहून अधिक त्याने काय करायचे होते?

११/ जानेवारी १९४८, ॲडलेड. समोर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया, पहिला डाव ६७४. हजारे पहिल्या डावात ११६, दुसऱ्या डावात १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनीही पहिल्या डावात १२३ धावा काढल्या. तरीही भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला.

१२/ जून १९५२, लीड्स. भारताच्या दुसऱ्या डावाचा धावफलक एका क्षणी ४ बाद ० असा होता. अशा वेळी कर्णधार हजारे यांनी ५६ आणि फडकरांनी ६४ धावा काढल्या. दोघांची भागीदारी १०५ धावांची. सामना सात गडी राखून इंग्लंडने जिंकला. धावफलकाचा तळ पाहणाऱ्याला फक्त हे शेवटचे वाक्य दिसते.

१३/ आणि आता मजा पाहा. भारताने पहिला कसोटी विजय मिळवला फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला, आपल्या २५ व्या कसोटीत. कर्णधार हजारेच होते. त्या सामन्यात त्यांच्या धावा किती? २०. विजय घडवला विनू मंकडांच्या १२ बळींनी आणि पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांच्या शतकांनी. फूटपट्टीवाल्यांच्या हिशेबाने मद्रासचे २० थोर ठरतील आणि ॲडलेडचे ११६ व १४५ वाया जातील. हे ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा.

१४/ अमेरिकन फुटबॉलमध्येही हे दुखणे आहे. चेंडू घेऊन धावण्यात बॅरी सँडर्सची गणना सर्वकालीन श्रेष्ठांत होते. डेट्रॉइट लायन्सकडून तो १९८९ ते १९९८ असे दहा हंगाम खेळला. त्या काळात त्याच्या संघाने बाद फेरीतला एकच सामना जिंकला. प्रतिस्पर्ध्यांना त्याची थोरवी कळायला करंडकाची गरज लागली नाही.

१५/ प्रतिवाद मला ठाऊक आहे. ‘सामना हातचा गेल्यावर काढलेल्या धावा सोप्या असतात, दडपण नसते.’ काही वेळा हे खरेही असते, आणि म्हणूनच सामन्याची स्थिती तपासावी लागते. ४ बाद ० असताना दडपण नव्हते असे कोण म्हणेल? मीही पराभवाची पूजा करा असे म्हणत नाही. हरलेला प्रत्येक जण थोर नसतो. माझी मागणी एवढीच, की निकाल वाचून थांबू नका.

१६/ ‘खरा मोठा खेळाडू संघाला जिंकवतोच’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्या विदर्भाकडे पाहावे. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी खेळतो आहे. पहिला करंडक आला १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीला हरवून. कर्णधार होता फैज फझल. त्याचे पदार्पण २००३-०४ चे. मध्यंतरी तो रेल्वेकडूनही खेळून आला होता. इतकी वर्षे तो लहान होता आणि त्या एका मोसमात एकाएकी मोठा झाला काय?

१७/ नाही. बदलला तो भोवताल. चंद्रकांत पंडितांसारखा प्रशिक्षक आला, वसीम जाफरची सोबत मिळाली, अकादमीतून मुले घडली, अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. फझलने त्या मोसमात ९१२ धावा काढल्या; पण त्या धावांना विजयाचे रूप देणारे दहा जण प्रथमच सोबत होते. १९५७ पासून याच संघासाठी घाम गाळलेल्या कित्येकांना ते दहा जण कधी मिळालेच नाहीत. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

१८/ आपण इतिहासाचे विद्यार्थी. १७६० साली बुराडी घाटावर पडलेल्या दत्ताजी शिंद्यांना आपण ‘पण लढाई जिंकलात का?’ असे विचारत नाही. तिथे आपण रसद, फौज, नदीचा उतार आणि दरबारातले निर्णय सारे तपासतो. हाच न्याय मैदानावरच्या माणसांना लावायला आपण का कचरतो?

१९/ म्हणून पुढच्या वेळी जुना धावफलक हाती आला, तर वरून खाली वाचा. संघ कोणी निवडला, कर्णधार कोण आणि कशामुळे, समोर कोण, आणि कोण एकटा उभा राहिला, हे आधी पाहा. निकालाची ओळ सर्वांत शेवटी.

२०/ राहिला आमच्या भिवापूरचा तो मुलगा. स्पर्धेच्या बातमीत त्याचे नाव आले नाही. मी त्या सामन्याच्या गुणवहीच्या पानाचा फोटो काढून ठेवला आहे: पाच बळी, पेन्सिलने लिहिलेले. तुमच्याही गावी असे पान असेल. शोधा आणि जपून ठेवा. धागा समाप्त.