पडद्यासमोर : रडू येते ते कशाने?

चित्रपटाचा शौक असलेल्या माणसाला एक खोड असते. पडद्यावर 'समाप्त' ही अक्षरे उमटली की त्याला निकाल द्यावयाचा असतो. हा चित्रपट भडक, तो फसलेला, अमका अजरामर. एवढे सांगितले की तो पान खावयास मोकळा! प्रस्तुत लेखिकेस ही खोड बालपणापासूनच आहे आणि आमच्या रायपूरच्या पुरानी बस्तीत ती जोपासण्यास वावही भरपूर. महामाया मंदिरापासून दूधाधारी मठापर्यंत चालत गेले तर वाटेत निदान चार जण तरी भेटतात, ज्यांचे चित्रपटाविषयीचे मत आपल्या मताच्या नेमके विरुद्ध असते.

मराठी घरांची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात मराठी माणसे येत राहिली आणि रुजली. जवळच्याच एका वस्तीचे नावही तात्यापारा आहे. ज्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले ते माधवराव सप्रे याच शहरात राहिले आणि १९२६ साली येथेच वारले. परंतु घरात मराठी आणि दारात हिंदी-छत्तीसगढी अशी स्थिती असल्यामुळे मराठी चित्रपट ही आमच्याकडे सणासुदीची वस्तू ठरली. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला आवडीनिवडीची चैन परवडते. आम्हांला जे मिळाले ते आम्ही पाहिले. पुढे दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत, तेव्हा मराठी चित्रपटाची पाळी आली की शेजारची मंडळीही आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि त्यांच्यासाठी खालची अक्षरे वाचून हिंदीत सांगण्याचे काम घरातील लेकरांकडे असे. आज दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर सारेच उपलब्ध आहे, तरी मोजक्या चित्रपटांवर जीव लावण्याची ती सवय काही गेलेली नाही.

'माहेरची साडी' या चित्रपटावरून आमच्याकडे अजूनही वाद होतो. विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१ सालचा. जन्मतःच आई गेलेली, म्हणून बापाच्या दृष्टीने अपशकुनी ठरलेली मुलगी. पुढे सासरचा छळ. आणि पाठीशी उभा असलेला एक भाऊ. अलका कुबल यांनी त्यात जे सोसले, त्याने महाराष्ट्रातील स्त्रीवर्ग पदर ओला करून घरी परतला. हे कथानक मूळचे मराठी नव्हे. 'बाई चली सासरिये' या १९८८ सालच्या राजस्थानी चित्रपटावरून ते मराठीत आले आणि १९९४ साली 'साजन का घर' या नावाने हिंदीतही गेले. भाषांतर हाच ज्यांचा पोटाचा उद्योग आहे त्यांना ही गोष्ट विचार करावयास लावते. शब्दांची नजाकत सीमा ओलांडताना सांडते, विनोद तर वाटेतच मरतो, पण सासरी छळलेल्या मुलीचे दुःख तीन भाषांत जसेच्या तसे पोहोचते.

चित्रपट म्हणून तो भडक आहे, हे मी आजही म्हणेन. दुष्ट माणसे पहिल्या क्षणापासून दुष्ट दिसतात आणि कोठे रडावयाचे हे वाद्ये अगोदरच सांगून ठेवतात. आमच्या शेजारी एक मावशी आहेत. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने एकदा हेच जरा उद्धटपणे ऐकविले.

"मावशी, अगं, हे सगळं खोटं आहे. असं कुठं असतं का?"

मावशी भाजी निवडीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझ्या आजीला विचार. आता ती नाही. पण असती तर विचारलं असतंस का?"

भाचा गप्प झाला. चित्रपटाची मांडणी ढोबळ होती, पण तिच्यामागचे दुःख ढोबळ नव्हते, आणि या दोन गोष्टींची गल्लत आपण सुशिक्षित मंडळी फार सहजपणे करतो. एखादा चित्रपट हिणकस म्हणताना तो पाहून रडलेल्या बाईलाही आपण नकळत हिणकस ठरवितो. टीकाकाराने चित्रपटावर हवी तेवढी टीका करावी. परंतु प्रेक्षकाच्या डोळ्यांतील पाण्याची किंमत करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

मग अभिजात कशाला म्हणावे? येथे मला दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'कडे वळल्यावाचून राहवत नाही. प्रभातचा हा चित्रपट १९३६ सालचा. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आता गंमत पाहा. चमत्कार मोजावयाचे झाले तर या चित्रपटात ते काही कमी नाहीत. आकाशातून धान्य पडते, इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या परत येतात, शेवटी वैकुंठाचे विमान येते. त्यातील कसब आजच्या मुलाला हसू आणील. १९७५ साली आलेल्या 'जय संतोषी माँ' मध्येही चमत्कारच चमत्कार होते. लोक पायांतील चपला काढून चित्रपटगृहात बसत आणि पडद्यावर फुले व नाणी उधळीत. भक्ती दोन्हीकडे खरी होती. तरीही एक चित्रपट त्या काळाची आठवण म्हणून उरला आणि दुसरा आज लावला तरी माणूस खिळून बसतो.

माझ्या मते याचे कारण विष्णुपंत पागनीसांच्या सात्त्विक चेहऱ्याइतकेच गौरीबाईंनी उभ्या केलेल्या आवलीत आहे. ही तुकोबांची बायको भांडकुदळ आहे, तिचे म्हशीवर प्रेम आहे, आणि लेकरू आजारी पडले असता ती पायातील वहाण हातात घेऊन खुद्द विठोबालाच जाब विचारावयास देवळात जाते. नवरा संत असेल; चूल तिला पेटवायची आहे. अखेरीस तुकोबा वैकुंठाला निघतात, तिलाही चल म्हणतात, पण तिचा पाय संसारातून निघत नाही. ते विमान कितीही पुठ्ठ्याचे वाटो, खाली उभी असलेली ती बाई खरी आहे. चमत्कार तिच्या अंगाला घासून जातो, म्हणूनच तो आपल्यालाही खरा वाटू लागतो. संतोषीमातेच्या चित्रपटातील सत्यवती सोसते पुष्कळ, पण देवीला एकदाही उलटून बोलत नाही.

त्याच चित्रपटाच्या आरंभी एक जागा आहे, जी मी पुन्हा पुन्हा पाहते. तुकोबा तल्लीन होऊन अभंग गातात. लगेच सालोमालो तोच अभंग नाटकी हावभाव आणि ताना घेत रंगवितो. शब्द तेच, एकाचे गाणे आत वळलेले, दुसऱ्याचे श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहत चाललेले. भडक आणि अभिजात यांतील अंतर यापेक्षा नेमके कोणी दाखविले असेल असे मला वाटत नाही. आणि जाता जाता सांगावयास हवे की या चित्रपटातील सगळीच रचना तुकोबांची नाही. एक अभंग शांताराम आठवले यांनी असा लिहिला की पुढे जाणकारही त्याला तुकोबांचाच समजत!

निराशेचे प्रकरण याहून नाजूक. वाईट चित्रपटाने निराशा होत नाही. ज्याच्याकडून आशा असते तोच निराश करतो. 'मेरा नाम जोकर' १९७० साली आला तेव्हा दोन मध्यंतरांचा तो लांबलचक पसारा लोकांनी नाकारला, आणि नंतरच्या पिढीने तोच डोक्यावर घेतला. मला विचाराल तर दोन्ही पिढ्यांचे थोडे थोडे खरे आहे. पहिला, शाळकरी वयाचा भाग निखळ सोने. पुढे सोन्यावर मुलामा चढत जातो. माझी स्वतःची मोठी निराशा मात्र २०१६ सालच्या 'नटसम्राट'ने केली. कुसुमाग्रजांचे नाटक १९७० सालचे. ते रंगभूमीवर पाहण्याचे भाग्य रायपुरात कोठून येणार! ते मी वाचले, अनेकदा वाचले. त्यामुळे चित्रपटाकडून अपेक्षा फार होत्या. नाना पाटेकरांच्या ताकदीविषयी शंकाच नाही. परंतु प्रत्येक वेदनेच्या वेळी चित्रचौकट इतकी जवळ येते आणि संगीत इतके भरून येते की आपले रडू आपल्याला स्वतः रडू दिले जात नाही. तरी रुग्णालयात दोन म्हातारे नट, पाटेकर आणि विक्रम गोखले, एकमेकांशी बोलतात तो प्रसंग विसरता येत नाही. तो मूळ नाटकात नाही. निराश करणाऱ्या चित्रपटात असा एखादा तुकडा असतो, म्हणून त्याला रागावून टाकून देता येत नाही.

आता घराजवळची एक गोष्ट. छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट 'कहि देबे संदेस' १९६५ साली आला. मनु नायक यांनी तो काढला; गीते हनुमंत नायडूंची, संगीत मलय चक्रवर्तींचे, आणि गायकांत प्रत्यक्ष मोहम्मद रफी. पैसा तुटपुंजा, चित्रे कृष्णधवल. विषय मात्र अस्पृश्यतेचा आणि जातीबाहेरच्या प्रेमाचा, त्यामुळे त्याला विरोधही झाला. छत्तीसगढीत दुसरा चित्रपट 'घर द्वार' यावयास १९७१ साल उजाडले, आणि त्यानंतरचे मोठे यश 'मोर छंइहा भुंइया'चे. हा चित्रपट २७ ऑक्टोबर २००० रोजी, म्हणजे राज्य स्थापन होण्याच्या अवघे पाच दिवस आधी लागला. त्यात मारामारी, गाणी, शहरी-ग्रामीण भावांचा संघर्ष, सारे ठरीव साच्यातले आहे. पण आपली भाषा मोठ्या पडद्यावर ऐकण्याचा लोकांचा आनंद ठरीव नव्हता. आमच्या गल्लीतील रिक्षावाले, भाजीवाल्या बाया यांनी जो अभिमान तेव्हा मिरविला तो आम्हां मराठी माणसांना चांगला समजतो. परमुलखात 'श्यामची आई' पाहताना आमच्या आजोबांचे डोळे तसेच चमकत.

त्या 'श्यामची आई'विषयी एवढेच, की आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि पोहण्यास भिणाऱ्या श्यामला वनमालाबाई छडी घेऊन घराबाहेर काढतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग आणि काळजी एकाच वेळी दिसतात. माझ्या मुलीने तो प्रसंग पाहून विचारले, "आई, ती त्याला मारते, मग ती चांगली कशी?" तिची मराठी शाळेतील नव्हे, घरातलीच, वाचताना ती अजून अडखळते. त्या प्रश्नाचे उत्तर देता देता आमचा चित्रपट दोनदा थांबला आणि जेवणास उशीर झाला. पुढच्या रविवारी तिला 'संत तुकाराम' दाखवावयाचा आहे. मावशींनाही बोलावले आहे. त्यांनी तो पाहिलेला नाही. आवलीची वहाण त्यांना आवडेल असा माझा अंदाज आहे.