‘पार्क’ म्हणजे नेमके काय?

परभाषेतील शब्दाचा एकच अर्थ पाठ करून काम भागत नाही. ‘पार्क’ हा इंग्रजी शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. चेन्नईतील गिंडी या एकाच भागात तो किती रूपांनी भेटतो, ते पाहण्यासारखे आहे.

गिंडीचे राष्ट्रीय उद्यान म्हणजे ऐन शहरातील सुमारे २.७ चौरस किलोमीटरचे वन. १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे काळवीट आणि चितळ मोकळेपणाने वावरतात. इंग्रजीत या वनाला ‘पार्क’ म्हणतात. त्याला लागून असलेले मुलांचे उद्यान आणि १९७२ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले सर्पोद्यान, हेही ‘पार्क’च. याच गिंडीत ऑलिम्पिया टेक पार्क आहे; तेथे ना हरिण, ना साप! तेथे कार्यालयांत बसून माणसे संगणकावर काम करतात. आणि ‘नो पार्किंग’ या पाटीतील ‘पार्क’चा तर झाडांशी काहीच संबंध नाही.

हे अर्थ विखुरलेले वाटले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये शिकारीची जनावरे राखण्यासाठी कुंपण घातलेल्या जमिनीला ‘पार्क’ म्हणत. पुढे लष्कराच्या तोफा व गाडे उभे करण्याच्या जागेलाही तेच नाव मिळाले आणि त्यावरून वाहन उभे करणे हा अर्थ रूढ झाला. ‘राखून ठेवलेली जागा’ हे सूत्र सर्वत्र कायम राहिले.

मराठीने मात्र या प्रत्येक जागेसाठी वेगळा शब्द ठेवला आहे : वन, उद्यान, मैदान, संकुल, वाहनतळ. या शब्दांमुळे जागा कोणाची, हेही कळते. सार्वजनिक उद्यान सर्वांचे असते. कार्यालयांच्या संकुलात ओळखपत्र दाखवावे लागते. मुंबईचे शिवाजी पार्क नावाने ‘पार्क’ असले, तरी वस्तुतः ते मैदान आहे, आणि म्हणूनच तेथे मुले क्रिकेट खेळू शकतात. उलट, एखाद्या इमारतीच्या नावात ‘पार्क’ असतो, पण दारात एकही झाड नसते.

‘पार्क’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला आहे. त्याला हद्दपार करण्याचे कारण नाही. परंतु घराचा करार किंवा नगरपालिकेची सूचना वाचताना आपण अवश्य विचारावे : ही जागा कशासाठी आणि कोणासाठी राखली आहे? जेथे जमिनीचा आणि हक्काचा प्रश्न असतो, तेथे मोघम शब्द उपयोगाचा नाही. तेथे नेमकाच शब्द हवा.