पुरी केलेली शर्यत आणि लढलेली शर्यत

क्रीडांगण : ‘प्रेक्षक’

उत्तराखंडातील ३८ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे औपचारिक उद्घाटन डेहराडूनला २८ जानेवारी २०२५ रोजी व्हावयाचे होते; परंतु त्याच्या दोन दिवस अगोदरच हल्द्वानीस ट्रायथलॉनची शर्यत उरकली गेली, आणि दीपप्रज्वलन होण्यापूर्वीच महाराष्ट्राच्या डॉली पाटील हिने महिलांचे सुवर्णपदक व मानसी मोहिते हिने रौप्यपदक पदरात पाडून घेतले. एकाच राज्याच्या दोन मुली एकाच शर्यतीत पहिल्या दोन याव्यात, ही वार्ता अन्य कोणत्याही खेळात चार दिवस चघळली गेली असती. कुडाळच्या बाजारपेठेत चार क्रीडाप्रेमी गाठून या दोघींची नावे विचारली, तर मात्र चौघेही निरुत्तर होतील, अशी माझी खात्री आहे.

ट्रायथलॉन म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो ‘आयर्नमॅन’ : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरांची संपूर्ण मॅरेथॉन. १९७८ साली हवाईतील ओआहू बेटावर एका नौदल अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेला, पंधरा जणांनी आरंभलेला आणि बारा जणांनी पुरा केलेला हा अघोरी उद्योग, २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला तडीस नेला, तेव्हापासून तो महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गाच्या महत्त्वाकांक्षेत जाऊन बसला. आणि २०१९ मध्ये त्याचा अर्ध्या अंतराचा अवतार गोव्यात मिरामारला अवतरल्यावर आम्हां सिंधुदुर्गवासीयांस तो शेजारघरचाच झाला. आता डॉक्टर, वकील, अंमलदार, व्यापारी असे सर्व जण लोहपुरुष होऊन परत येतात, नाक्यावर फलक लागतो, शाल-श्रीफळ होते. या सत्कारांविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. चाळिशीनंतर पहाटे चार वाजता अंथरूण सोडणारा मनुष्य कोणत्याही शालीस पात्र आहे. माझी तक्रार आहे ती अशी की, या गर्दीकडे पाहत वाढणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलास, जितके अंतर लांब तितके शौर्य मोठे, असे वाटू लागते, आणि शर्यत पुरी करणे व शर्यत लढणे यांतील भेद त्याच्या ध्यानीच येत नाही.

हा भेद नियमांतच आहे. आयर्नमॅनमध्ये दुसऱ्याच्या सायकलीमागे आडोसा घेऊन चालणे हा अपराध आहे. ज्याने त्याने आपला वारा आपणच कापावयाचा. २००० साली सिडनीस ऑलिंपिकमध्ये दाखल झालेल्या ट्रायथलॉनमध्ये, ज्यात १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे असते, आणि तरुणांसाठी असलेल्या त्याच्या निम्म्या अंतराच्या ‘स्प्रिंट’ शर्यतीत, हाच आडोसा घेण्याची अग्रगण्य स्पर्धकांना मुभा आहे. मागे बसणाऱ्याचे पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. साहजिकच जो पाण्यातून पहिल्या घोळक्याबरोबर बाहेर पडला नाही, तो पुढे एकटाच वाऱ्याशी झुंजत राहतो व शर्यतीतून जवळजवळ बाद होतो.

आमच्या मुलाची अडचण येथे सुरू होते. पाण्याची त्याला भीती नाही; डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेत उतरून लाट कोणत्या अंगाने येते आणि मान किती उचलावी हे तो शिकलेला असतो. सायकलीसाठी नेरूरपारचा पूल ओलांडून काळसे, धामापूर, चौके अशी मालवणपर्यंतची चढउतारांची वाट आहे, आणि “ह्यां करून गावतला काय?” असे विचारणारे आप्त घरोघर असले तरी पाय घट्ट होतात. पण हे सर्व तो एकटा करतो. पुढच्या सायकलीच्या मागील चाकापासून वीतभर अंतरावर आपले चाक राखणे, नजर त्या चाकावर न ठेवता पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे टाकणे, ब्रेकला बोट न लावता वेग मोडणे, आपली पाळी संपली की कोपराच्या इशाऱ्याने मागच्यास पुढे बोलावणे आणि खड्डा दिसताच ओरडणे, ही विद्या धामापूरच्या घाटीत एकट्याने सात जन्म घालविले तरी साध्य होणार नाही.

म्हणून तो मोठ्या शहरातील एखाद्या पथकात दाखल होतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या अभिमानाचा चुराडा होतो. तालुक्यात पहिला येणारा हा मुलगा तलावाच्या एका लेनमध्ये सहा जणांत पाचवा असतो. पाच-पाच सेकंदांनी एकामागून एक सुटावयाचे, आणि मागच्याने तळपायास बोट लावले की भिंतीशी थांबून निमूटपणे वाट द्यावयाची. यापेक्षाही कठीण परीक्षा असते ती हलक्या सरावाच्या दिवशी. प्रशिक्षकाने सावकाश धावण्याचा हुकूम दिलेला असतो. तथापि बाजूचा मुलगा अर्धे पाऊल पुढे गेला की यालाही राहवत नाही, आणि पाहता पाहता दोघेही शर्यतीच्या वेगाने धावू लागतात. दोन महिन्यांत पोटऱ्या धरतात, वेळा घसरतात, आणि मुलगा घरी फोन करून सांगतो की येथे माझे काही खरे नाही. पथकात राहून आपला वेग आपल्याजवळ ठेवणे हे पथकाबरोबर धावण्याहून कितीतरी अवघड आहे, आणि ते समजण्यास एक संपूर्ण हंगाम जातो.

वास्तविक पथकात घडण्याची ही रीत महाराष्ट्रास नवी नाही. कोल्हापूरच्या तालमींत पैलवान एकत्र राहतो, एकत्र जोर मारतो, आणि आपल्याहून वजनदार जोडीदाराकडून रोज पाठ टेकवून घेतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले ते मातीत घडलेले; तेथे गादीवर, अपरिचित नियमांनी लढून ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. मधल्या चार वर्षांचे श्रेय देताना त्या सहाव्या क्रमांकाचे ऋण आपण सहसा मांडत नाही. तालमीची व्यवस्था एवढी अंगवळणी पडलेल्या प्रांताने पोहणाऱ्या-धावणाऱ्या मुलास मात्र ‘एकलव्य’ म्हणून गौरवावे, याचे मला नवल वाटते. पॅरिसला २०२४ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी कासांद्र बोग्रां फ्रान्स सोडून इंग्लंडातील लफबरो येथे सरावास गेली, ती काही फ्रान्सात पाणी किंवा रस्ते नव्हते म्हणून नव्हे.

परंतु पथक जे शिकवू शकत नाही ते शर्यत शिकविते, व बहुधा महागात शिकविते. नियम असा की सायकल जागेवरून उचलण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा बंद पाहिजे, आणि परत आल्यावर सायकल जागेवर टांगल्याखेरीज तो सोडता कामा नये. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत न्यूझीलंडच्या हेडन वाइल्डला या पट्ट्यापायी दहा सेकंदांचा दंड झाला. इंग्लंडच्या अॅलेक्स यीशी खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत आलेला हा शूर गडी अंतिम रेषेजवळ दंड भोगीत उभा राहिला आणि यी सुवर्णपदकाकडे निघून गेला. जगातील श्रेष्ठ खेळाडूची ही गत, तर ओल्या, थरथरत्या बोटांनी पट्ट्याशी झटणाऱ्या नवशिक्याचे काय होत असेल? घरच्या अंगणात तो पट्टा शंभरदा लावला, तरी मागून वीस जण धावत येत असता लावण्याची सवय शर्यतीतच होते. सबब, वर्षातून एक प्रचंड शर्यत करून फलक लावण्यापेक्षा सहा लहान शर्यती हरून त्यांची रोजनिशी ठेवणारा मुलगा मला अधिक शहाणा वाटतो.

या लहान शर्यतींची एक सोय अशी की त्यांत घोळक्याने सायकल चालवावयाची असल्यामुळे लाखो रुपयांच्या टाइम-ट्रायल सायकलींस प्रवेशच नाही. साधी रोड सायकल हीच येथे कायदेशीर. पोहण्याच्या स्पर्धेसाठी डिसेंबरात चिवला किनाऱ्यावर जीवरक्षक, होड्या, वेळाधिकारी असा सर्व सरंजाम जमतोच. त्याच्या दुसऱ्या सकाळी सोळा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटरांची एक शर्यत भरवावयास काय हरकत आहे? सायकलीसाठी मालवण-चौके रस्ता सकाळी सहा ते आठ बंद ठेवावा लागेल, त्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीत व पोलिसांकडे रीतसर अर्ज करावा लागेल, आणि मासळीच्या टेम्पोवाल्यांची समजूत घालावी लागेल. यांपैकी तिसरे काम सर्वांत बिकट आहे, हे मी जाणून आहे.