बारसं करताना दोनदा विचार करा

"मावशी, स्पॉन्सर मिळत नाहीयेत गं!" परवा भाचीचा फोन. ती आणि तिच्या चार मैत्रिणी मिळून प्रोग्रॅमर मुलींचं एक दिवसाचं संमेलन भरवायच्या खटपटीत आहेत. विचारलं, "नाव काय ठरवताय?" तर म्हणे, "सेमिकोलन!" मला काही कळेना. तिनं हसत सांगितलं, प्रोग्रॅम लिहिताना तो एवढासा अर्धविराम राहून गेला, की सगळं अडतं. म्हटलं, "अगं, मला समजावून सांगावं लागलं, तर चेकवर सही करणाऱ्या साहेबांना कोण समजावणार?"

हा घोळ तिचा एकटीचा नाही. 1999 साली अमेरिकेत पिट्सबर्गला 'पर्ल' या संगणकभाषेच्या चाहत्यांनी कमी खर्चातलं संमेलन सुरू केलं. नाव ठेवलं 'येट अनदर पर्ल कॉन्फरन्स', म्हणजे 'आणखी एक पर्ल संमेलन'! जाणकारांना गंमत कळायची. पण स्वतःलाच 'आणखी एक' म्हणवणाऱ्या कार्यक्रमाला पैसे का द्यावेत, असं बाहेरच्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं? 2017च्या अमेरिकेतल्या संमेलनाचं नाव सरळ 'द पर्ल कॉन्फरन्स' असं होतं.

मग स्पॉन्सर म्हणेल ते नाव ठेवायचं का? मुळीच नाही. कंपनीचं नाव पुढे लावलं, की पुढच्या वर्षी कंपनीनं हात आखडता घेतला तर नावही गेलं आणि ओळखही. आणि 8 मार्चच्या फोटोत छान दिसतील अशी ती गुलाबी, 'क्वीन'छाप नावं? त्यातून आपलं काम दिसतच नाही.

1994 साली अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांचं संमेलन सुरू केलं, तेव्हा त्याला ग्रेस हॉपर यांचं नाव दिलं. हॉपरबाई अमेरिकन नौदलातल्या. 1952मध्ये त्यांनी कंपायलरचं पायाभूत काम केलं होतं. नाव ऐकताच कुणाचा सोहळा आणि कशासाठी, हे कळतं. यायला मुलींना अभिमान वाटतो, पैसे द्यायला कंपन्यांना संकोच वाटत नाही. 2010पासून भारतातही हा सोहळा भरू लागला.

मैत्रिणींनो, स्पॉन्सरचा पैसा म्हणजे नुसते बॅनर आणि जेवणावळ नव्हे. बाहेरगावच्या मुलीचं गाडीभाडं त्यातून निघतं, लेकुरवाळीसाठी दिवसभराचं पाळणाघर त्यातून उभं राहतं. म्हणून नावाची परीक्षा सोपी ठेवावी. फोनवर एकदा सांगून समोरच्याला ते कळावं. रजेच्या अर्जात लिहिताना ओशाळं वाटू नये. आणि "कुठे निघालीस?" असं सासूबाईंनी विचारलं, तर एका वाक्यात उत्तर देता यावं.

भाचीला एवढंच म्हटलं, नाव साधं ठेव. तो सेमिकोलन टी-शर्टवर छाप. मीही एक घेईन!