हिशेब उघडा पडतो, म्हणून?

'बांधकाम साइटवर होतं, फोनवर नाही.' नांदगावात सिमेंट-सळईच्या दुकानापुढे चार ठेकेदार जमले की हे वाक्य ठरलेलं. हजेरीचं अॅप, हिशेबाचं अॅप, अंदाजपत्रकाचं अॅप हे पुण्या-नाशिकच्या टॉवरवाल्यांचे चोचले आहेत, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे काम चौरस फुटाच्या बोलीवर आणि मुकादमाच्या शब्दावर चालतं, मग फोनमध्ये बोटं कशाला घालायची? बोलणारी माणसं अनुभवी असतात, त्यामुळे हसून सोडून देण्यासारखं हे बोलणं नाही.

पहिला दाखला वाडवडिलांचा. त्यांनी कुठल्या अॅपशिवाय वाडे उभे केले, धाब्याची घरं केली, ती अजून उभी आहेत. आहेत खरी. पण याच तालुक्यात गिरणा धरण १९६९ साली पुरं झालं, तेही अॅपशिवायच. मोजमाप पुस्तिकेशिवाय मात्र नाही. सरकारी कामात त्या पुस्तिकेत नोंद झाल्याखेरीज तेव्हाही बिल निघत नव्हतं. वाडवडिलांकडे फोन नव्हता याचा अर्थ त्यांच्याकडे नोंद नव्हती असा होत नाही. ज्याची वही चोख आहे त्याने खुशाल फोनला हात लावू नये. मी बोलतोय ते सिगारेटच्या पाकिटावर हजेरी लिहिणाऱ्यांबद्दल.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: अॅप चुकतात. बरोबर आहे, आणि यावर मी ठेकेदारांच्या बाजूने बोलेन. जीपीएसवर प्लॉट मोजून देणारी अॅप फुकट मिळतात आणि गिऱ्हाईक ती दाखवून हद्दीवरून भांडतं. साध्या फोनच्या जीपीएसमध्ये उघड्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटरची चूक सहज असते. पाच मीटर म्हणजे सोळा फूट, तीस फुटी प्लॉटची निम्मी रुंदी! शेताचा ढोबळ अंदाज घ्यायला ते ठीक, पण हद्द ठरवायची तर भूमी अभिलेखकडे मोजणीचाच अर्ज करावा लागतो. लेव्हल दाखवणारं अॅपही तसंच. फरशीच्या एका तुकड्यावर फोन ठेवला तर बुडबुडा मधे येईल. पण या कॉलमची खूण तीस फुटांवरच्या त्या कॉलमवर न्यायची असेल तर पाणी भरलेल्या पारदर्शक नळीला तोड नाही. शिवाय बरीचशी अॅप घनमीटरमध्ये बोलतात. आपली वाळू आणि खडी येते ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर हे ज्याला ठाऊक नाही त्याने अॅपमधला आकडा पाहून ऑर्डर दिली, तर गरजेच्या जवळपास तिप्पट माल दारात येऊन पडेल.

पण हाच ठेकेदार 'मला आकडे तोंडपाठ आहेत' म्हणतो तेव्हा कागद पुढे करावासा वाटतो. वीस बाय तीस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. बीम सोडून अडीच ब्रास काँक्रीट, एम-२० ला सुमारे ५७ गोण्या. सेंटरिंग झोल खाऊन तोच स्लॅब सहा इंच भरला, तर अकरा गोण्या जास्त जातात. हा फरक स्लॅब ओतण्याआधी किती जणांनी मोजलेला असतो? सळईचंही तेच. व्यासाचा वर्ग करून ५३३ ने भागला की एका फुटाचं वजन किलोत मिळतं. त्या हिशेबाने १२ एमएमची ४० फुटी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरायला हवी. हे सूत्र जुन्या मिस्त्रींना येतं. पण गाडी उतरताना, ऊन डोक्यावर असताना, हमाल घाई करत असताना नग मोजून गुणाकार कोण करतो? फोनवर तो अर्ध्या मिनिटात होतो आणि वजनकाट्याच्या चिठ्ठीशी ताडून बघता येतो. त्यासाठी महिन्याच्या वर्गणीचं अॅप लागत नाही; फोनमधला साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

तरीही फोनचा खरा उपयोग गणितात नाही. तालुक्याच्या गावात ठेकेदार बुडतो तो जादा कामात. जोत्यावर काम असताना मालक म्हणतो, 'जिन्याखाली एक संडास काढा.' ठेकेदार म्हणतो, 'काढू, बघू नंतर.' चार महिन्यांनी बिल मांडलं की ऐकू येतं, 'हे तर बोलीतच होतं.' मग मध्यस्थ, मग तोडपाणी, मग बोलणं बंद. त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर एक ओळ गेली असती, 'जिन्याखालचा संडास जादा, इतके रुपये', आणि समोरून 'ठीक' आलं असतं, तर भांडणाला जागाच उरली नसती. कोर्टात जायचं झालं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीला प्रमाणपत्र जोडावं लागतं. पण बहुतेक प्रकरणं तिथवर जातच नाहीत. 'ठीक' समोर ठेवलं की मालकाचा आवाज खाली येतो.

'रेंज नसते' ही तक्रार खरी आहे, पण व्हॉट्सअॅपचा निरोप रेंज आल्यावर आपोआप जातो. 'मिस्त्रीला लिहिता येत नाही' म्हणाल तर त्याने बोलून पाठवावं, अहिराणीत पाठवलं तरी चालेल.

एवढं सगळं ऐकूनही मान हलत नाही, कारण खरी हरकत कोणी तोंडाने बोलत नाही. नोंद झाली की हिशेब उघडा पडतो. मजुराला दिलेली उचल, रोखीने घेतलेले पैसे, सेवेची उलाढाल वीस लाखांवर गेली की घ्यावा लागणारा जीएसटी नंबर, हे सारं धूसर राहण्यातच ज्याचा फायदा आहे, त्याला अॅप कसं आवडेल? मोबाइल कळत नाही ही सबब आहे. हीच माणसं यूपीआयने पैसे घ्यायला एका दिवसात शिकली.

आता उलट बाजूच्या भक्तांनाही दोन शब्द. फोटो काढला की पुरावा झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी रोजगार हमीकडे बघावं. नांदगावसारख्या दुष्काळी तालुक्याला ही योजना काय आहे हे सांगायला नको. तिथे एनएमएमएस नावाचं हजेरीचं अॅप १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामं वगळता, सगळीकडे सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की लोक फोटोचाच फोटो चढवताहेत, कामाशी संबंध नसलेली चित्रं टाकताहेत, माणसं आणि नोंद जुळत नाही. त्या हजेरीत एक बाजू चढवते, वरचं ऑफिस तपासतं आणि ज्याची हजेरी आहे तो मजूर मात्र बाहेरच राहतो. त्यापेक्षा मुकादमाने रोज संध्याकाळी ग्रुपवर टाकलेली यादी बरी. नाव चुकलं तर मजूर तिथल्या तिथे बोंब मारतो.

त्या यादीचा आणखी एक उपयोग आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते देणाऱ्यांत ठेकेदारही येतो. बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर याच मजुरांसाठी गोळा होतो. तरी वर्षभर राबलेला बिगारी प्रमाणपत्रासाठी दारोदार फिरतो, कारण त्याचे दिवस कुठेच लिहिलेले नसतात. तेव्हा नांदगावच्या ठेकेदारांनो, महागडं अॅप घेऊ नका, कोणी विकायला आला तर चहा पाजून वाटेला लावा. पण पुढच्या कामापासून हजेरीची यादी रोज मजुरांच्या फोनवरही पाठवा आणि ९० दिवस भरले की प्रमाणपत्रावर सही करून द्या.