मुळाशी लागलेली कीड

मिस्साबळीच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसाचा चषक उंच करतात, तेव्हा तो रस कोठल्या मळ्यातून आला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो केवळ द्राक्षांचा व निर्भेळ असावा, असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे. म्हणूनच द्राक्षवेलावर संकट आले म्हणजे त्याची झळ वेदीपर्यंत पोहोचते. एकोणिसाव्या शतकात आलेल्या अशाच एका संकटाची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत; कारण तिच्यातील बोध आपल्या सिल्वासातील परसालाही लागू पडतो.

फिलॉक्सेरा हा माव्याच्या नात्यातला, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा किडा. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिका. तेथील रानवेलांची मुळे त्याचा डंख सोसतात. युरोपातील वेलांच्या अंगी ती शक्ती नव्हती. किडा मुळांतील रस शोषतो, मुळांना गाठी येतात, त्या कुजतात आणि काही वर्षांत वेल वाळून जातो.

हा किडा युरोपात आला कसा? तेथील मळ्यांना पूर्वी भुरी रोगाने ग्रासले होते. त्या रोगाला दाद न देणारे अमेरिकन वेल लोकांनी मोठ्या आशेने आणविले. आगबोटींमुळे प्रवास थोड्या दिवसांचा झाला होता. त्यामुळे वेलांबरोबर किडाही जिवंत उतरला. एका दुखण्याच्या औषधातून दुसरे दुखणे घरात आले, ते असे.

१८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील वेल अकारण सुकू लागले. मेलेला वेल उपटून पाहावा, तर मुळाशी काहीच सापडेना. कारण रस आटताच किडा शेजारच्या वेलाकडे निघून जाई. अखेर १८६८ साली प्लांशाँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सोबत्यांनी जिवंत वेलाची मुळे उकरली, तेव्हा ती पिवळ्या किड्यांनी भरलेली दिसली.

तोवर पुष्कळ उशीर झाला होता. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर द्राक्षारस निघाला होता. १८८९ साली तो २३४ कोटींवर आला. कित्येक कुटुंबे देशोधडीला लागली. मनुका भिजवून व साखर मिसळून केलेला माल बाजारात विकला जाऊ लागला. पोर्तुगालातील दौरू नदीकाठचे मळेही या किडीने उजाड केले. आपल्या देशात काश्मीरच्या द्राक्षमळ्यांवर त्याच शतकाच्या अखेरीस तिची धाड पडली.

फ्रान्सच्या सरकारने उपायासाठी तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. कोणी मळ्यात पाणी कोंडले, कोणी जमिनीत विषारी औषधे घातली. शेवटी गुण आला तो कलमाने. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात, त्याचप्रमाणे अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलाची काडी बांधण्यात आली. ज्या देशातून कीड आली, त्याच देशाच्या मुळाने वेल वाचविला. किडा मात्र मेला नाही. तो आजही तेथील मातीत आहे. म्हणून बक्षीस कोणासच मिळाले नाही.

डोंगर ओलांडून नाशिककडे गेल्यास द्राक्षांचे मांडव दृष्टीस पडतात. तेथेही पुष्कळ बागा ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावर उभ्या आहेत. परंतु त्यामागील मुख्य हेतू पाण्याची टंचाई व खारवट जमीन सोसता यावी हा आहे. छाटणीनंतर फुगणारे डोळे खाणारा उडद्या भुंगेरा आणि घडांत शिरणारा पिठ्या ढेकूण हे तेथील बागायतदाराचे नेहमीचे शत्रू. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या प्रश्नांचा अभ्यास करीत असते.

आता आपल्या घरचा प्रश्न. आज आपल्यातील कितीतरी मुले-मुली परदेशी नोकरीस आहेत. सुटीवर येताना आईवडिलांसाठी एखादी सुंदर वेलाची काडी पिशवीत घालून आणावी, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या त्या काडीबरोबर काय येईल, हे डोळ्यांना दिसत नाही. परदेशातून विनापरवाना रोपे व काड्या आणण्यास कायद्याने बंदी आहे, ती याचसाठी. १९१४ सालापासून आपल्या देशात असा कायदा आहे. आपल्या एका पिशवीपायी शेजाऱ्याचे शेत, वाडी किंवा डोंगरापलीकडील कोणाचा मळा धोक्यात येऊ नये, ही आपली जबाबदारी आहे.

रोप घ्यायचे तर ओळखीच्या, खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे. लावण्यापूर्वी त्याची मुळे न्याहाळावी. मुळांना गाठी वा कूज दिसल्यास ते परत करावे. झाड सुकू लागले तर केवळ पानांकडे पाहून औषध मारीत बसू नये. शेजारच्या हिरव्या झाडाचीही माती जरा उकरून पाहावी. फ्रान्सच्या शेतकऱ्यांना हे उमगण्यास पाच वर्षे लागली. आपणांस ते आजच ठाऊक झाले आहे.

घरादाराचेही असेच नाही काय? वरचा पाला हिरवा दिसतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. वाचकहो, अधूनमधून मुळाकडेही पाहत जावे.